हात झाकायचा नाही

"मावशी, तिला विचार, आधी कधी कुठल्या औषधानं अंगावर पुरळ उठलं होतं का? दम लागला होता का?"

केलेपी पडद्यापलीकडून बोलत होता. ज्या 'तिला' मी विचारायचं ती तोकिलुपे माझ्या शेजारच्याच खाटेवर होती, आणि तिचे कान माझ्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत. पण भाऊ बोलतोय म्हटल्यावर तिला काही ऐकूच आलं नव्हतं. मी तिच्याकडे वळून तेच शब्द पुन्हा म्हटले.

"नाही, कधीच नाही," तोकिलुपेनं मला सांगितलं.

"नाही म्हणते," मी पडद्याला सांगितलं.

"दमा?"

"दमा आहे का गं तुला?"

"नाही."

"नाही. अरे केलेपी, दोन्ही बाजूंनी मीच बोलायचं असेल तर आधी मला एक शहाळं तरी पाज. घसा सुकला माझा."

पलीकडे तो हसला. अलीकडे तोकिलुपेही हसली, पण तोंडावर हात ठेवून, भावाला ऐकू जाऊ नये म्हणून.

आमच्या बेटांवर भाऊ-बहीण कळती झाली की त्यांचं एकत्र बसणं संपतं. मुलगा झोपायला वेगळ्या खोपटात जातो. बहीण घरात आली की भाऊ उठून बाहेर पडतो. तिच्यासमोर चावट विनोद नाही, अंगाच्या दुखण्याखुपण्याचं बोलणं तर नाहीच. आणि मान बहिणीचा मोठा, मग ती धाकटी का असेना. हल्लीची पोरं एका मोबाईलमध्ये डोकी घालून बसतात आणि कोणी त्यांना काही म्हणत नाही. पण ही दोघं जुन्या वळणाची. त्यांची आई माझी चुलत बहीण, मोठी कडक बाई, तिनं दोघांना तसंच वाढवलं. केलेपी खोपटात झोपायला गेला त्याला चाळीसएक वर्षं झाली असतील. तेव्हापासून मळ्यातली पहिली कोनफळं निघाली की तो ती तोकिलुपेच्या दारात ठेवून निघून जायचा. माझं घर तिच्या घरासमोरच आहे, त्यामुळे मला हे सगळं पाठ आहे.

आता तोकिलुपेच्या अंगावरून वर्षभर जात होतं. गर्भाशयात गाठी झालेल्या. राजधानीच्या दवाखान्यात शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, पण तिचं रक्त इतकं कमी झालं होतं की तिथल्या डॉक्टरांनी कळवलं, असंच पाठवलंत तर ती टेबलावरून उठणार नाही. लोहाच्या गोळ्या तिच्या पोटात टिकेनात. मग एकच राहिलं, लोह शिरेतून चढवायचं. ते अंगी लागून त्याचं रक्त व्हायला दोन-तीन आठवडे जातात आणि तारीख तेवढीच लांब होती. आज चढवलं नाही तर ती तारीख गेली, आणि पुढच्या तारखेपर्यंत तोकिलुपे असेल की नाही, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. तिचे पांढरे ओठ सगळ्यांना दिसत होते.

आमच्या दवाखान्यात नर्स दोन. फुसीचे वडील वारले म्हणून ती तिच्या बेटावर गेलेली. उरला केलेपी.

केलेपीबद्दल सांगण्यासारखं खरं तर काही नाही. तरुणपणी तो नर्सिंग शिकून आला तेव्हा संध्याकाळी कावाच्या मुळ्यांचं गुंगीचं पाणी प्यायला जमणारी मंडळी त्याला 'सिस्टर' म्हणून हाक मारायची. तो ओ द्यायचा. चिडणाराच चिडत नाही म्हटल्यावर चिडवणारे कंटाळले. पुढे त्याच मंडळींना त्यानं टाके घातले, त्यांच्या पोरांना लशी टोचल्या, त्यांच्या आयांचे डोळे मिटले. माझ्या पायाला साखरेनं झालेली जखम तो रोज धुतो आणि रोज म्हणतो, "मावशी, आज बरी दिसतेय." ती बरी दिसत नसते. पण हे खोटं त्याच्या तोंडून ऐकायला मला आवडतं.

सकाळी मोआला नावाचे आमचे डॉक्टर येऊन तोकिलुपेच्या उजव्या हाताला, कोपराच्या बरंच खाली, सुई लावून गेले होते. आधी नुसतं मिठाचं पाणी सोडून शीर चांगली असल्याची खात्री केली होती. औषध चालू असताना तेच तिच्याजवळ बसणार असं ठरलं होतं. पण तेवढ्यात बाळंतिणीच्या खोलीतून हाक आली. मूल आडवं होतं.

"केलेपी, सुरू कर," ते जाता जाता म्हणाले. "मी भिंतीपलीकडेच आहे. काहीही झालं तर ओरड. आणि हात उघडा ठेव, तिथं नजर हवी."

"हो डॉक्टर," केलेपी म्हणाला. नाही म्हणायला त्याला जागाच कुठं होती?

त्याचं टेबल मला खाटेवरून पडद्याच्या फटीतून दिसत होतं. त्यानं हात धुतले. बाटलीवरचं नाव वाचलं, मग कागदावरचं, मग पुन्हा बाटलीवरचं. काम करताना पुटपुटायची त्याला सवय आहे. "नाव तेच. तारीख शिल्लक आहे. गाळ नाही." बाटली उजेडाकडे धरली होती, आत काकवीसारखं गडद औषध. "मिठाच्या पाण्यातच, दुसऱ्या कशात नाही. आणि जास्त पाणी नको, फार पातळ केलं की हे टिकत नाही." औषध सुईनं ओढून त्यानं पाण्याच्या पिशवीत घातलं आणि पिशवी हलक्या हातानं खालीवर केली. ट्रेमध्ये आणखी एक इंजेक्शन काढून ठेवलं.

"ते कुणाला? मला?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. लाखात एखाद्याला हे लोह सोसत नाही, श्वास कोंडतो. तेव्हा हे द्यायचं. लागत नाही गं मावशी, पण लागलं तर शोधत बसायला वेळ नसतो."

मग तो खाली मान घालून पडद्याच्या आत आला. पिशवी अडकवायची तर हात तोकिलुपेच्या डोक्यावरून न्यायला हवा. "तुलोऊ," तो पुटपुटला. कुणाच्याही डोक्यावरून हात नेताना आम्ही अशी माफी मागतो. पण त्याचा आवाज असा कापत होता की मला माझी चादर नीट करावीशी वाटली. नळी जोडताना तो बहिणीच्या हाताकडे तेवढ्यापुरतं बघत होता आणि ती भिंतीकडे बघत होती. ब्लड प्रेशर घेतलं, नळीवरचं चाक थोडं सैल केलं, थेंब पडू लागले. पडद्याची कड धरून तो थांबला.

"मावशी, तिला सांग. आग झाली, टोचलं, ताठरलं, छातीत दाटलं, पाठीत कळ आली, काहीही झालं तरी लगेच सांगायचं. लगेच."

मी सांगितलं. तोकिलुपेनं मान हलवली.

आणि तो बाहेर गेला. पडद्याला पाठ लावून उभा राहिला. पडदा आखूड आहे, वरून त्याला पिशवी आणि थेंब दिसत होते.

तो गेल्याबरोबर तोकिलुपेनं चादर ओढून हात बोटांपर्यंत झाकून घेतला. ती दवाखान्यात येतानासुद्धा चारचौघांत मानाची म्हणून आम्ही कमरेला गुंडाळतो ती चटई नीट बांधून, लांब बाह्यांचं झंपर घालून आलेली बाई. पडद्याच्या एवढ्याशा अंतरावर भाऊ उभा असताना उघड्या हातानं पडून राहणं तिला कसं जमावं? मला त्यात वावगं काही दिसलं नाही. उलट मनात म्हटलं, वळण असावं तर असं.

"मावशी, विचार ना. दुखतंय का?"

"दुखतंय का गं?"

"छान आहे."

"छान आहे म्हणते."

आमच्या माणसांचं हे 'छान आहे' मोठं विलक्षण आहे. पाय शार्कच्या तोंडात असला आणि होडीतून कुणी विचारलं, कसं काय, तरी आमचा माणूस म्हणेल, छान आहे. विचारणाऱ्याला आपल्यापायी त्रास नको.

थोड्या वेळानं पुन्हा. "आग होतेय का?"

"छान आहे."

"छान आहे रे बाबा. किती विचारशील?"

पलीकडच्या खोलीत बाळंतीण ओरडत होती. माझ्या डोळ्यावर झापड येत होती. तोकिलुपे छताकडे बघत पडली होती, कपाळावर घामाचे थेंब, पण दिवस उकाड्याचा होता, घाम मलाही येत होता.

"मावशी." केलेपीचा आवाज बदलला होता. "थेंब हळू झाले."

"मग सैल कर की तुझं ते चाक."

"मी हात लावलेला नाही आणि आपोआप हळू झालेत." तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलत होता. "तिचा हात वाकलाय का, विचार."

"हात वाकलाय का गं?"

"नाही," तोकिलुपे म्हणाली. मग ओठ दाबून, "छान आहे."

त्यानं चाक सैल केलं नाही. पडद्यावरून हात घालून ते पार बंद केलं. थेंब थांबले. पडदा सर्रकन बाजूला झाला. केलेपी खाटेपाशी आला, 'तुलोऊ' म्हणाला आणि त्यानं स्वतःच्या हातानं बहिणीच्या हातावरची चादर काढली.

हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला होता. कातडीखाली तपकिरी डाग पसरला होता, तळहाताएवढा.

तोकिलुपेनं माझ्याकडे बघितलं. मी मध्ये बोलावं म्हणून.

"मावशीकडे नको बघूस," केलेपी म्हणाला. "मला सांग. दुखतंय?"

मी एवढी म्हातारी बाई, पण मला वाटलं आपण इथं असायला नको होतं. तोकिलुपेनं तोंड भावाकडे वळवलं, चाळीस वर्षांची सवय मोडून.

"दुखतंय, केलेपी," ती म्हणाली. तिनं त्याचं नाव घेतलं. "फार दुखतंय."

"कधीपासून?"

"लावल्यावर थोड्याच वेळानं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुला कसं सांगू?"

त्याचे डोळे भरून आले होते आणि हात मात्र काम करत होते. नळी सोडवली. आत काही ढकललं नाही, हात चोळला नाही. सुई काढून कापूस धरला, हात उशीवर उंच ठेवला, ओल्या कापडात बर्फ गुंडाळून वर ठेवला. मग खिशातलं पेन काढून डागाच्या कडेनं कातडीवर रेघ ओढली, सगळीकडून, सावकाश.

"ही कशाला?" तिनं विचारलं.

"डाग रेघेबाहेर जातो का ते बघायचं. रोज बघायचं."

मग त्यानं डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर आले ते हातमोज्यांसकट, कोपरापर्यंत रक्तानं माखलेले.

"माझी चूक झाली डॉक्टर," केलेपी म्हणाला. "हात झाकलेला होता आणि मी बघितला नाही."

"मीच झाकला होता," तोकिलुपे म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. तेही याच बेटांवर वाढलेले, त्यांनाही बहिणी आहेत. "डाग राहील," ते तिला म्हणाले. "पुसट होईल कदाचित, कदाचित नाहीही होणार."

"आणि लोह? पुरेल?"

"बरंचसं पिशवीत शिल्लक आहे. दुसऱ्या हातातून देता येईल, तुमची तयारी असेल तर. पण मला परत जायला हवं, तिथं दोन जीव आहेत."

तोकिलुपेनं डावी बाही स्वतःच वर सारली आणि हात पुढे केला. डॉक्टरांकडे नाही, भावाकडे.

त्यानं शीर शोधली. बोटांनी चाचपून, डोळे मिटून, जशी तो आमची सगळ्यांची शोधतो. सुई लावली, मिठाचं पाणी सोडलं, बोट ठेवून बघत राहिला, पुन्हा सोडलं. मग नवी नळी जोडली. पडदा लावला नाही. स्टूल पायानं दूर सारलं आणि जमिनीवर मांडी घालून बसला. स्टुलावर बसला असता तर त्याचं डोकं बहिणीच्या बरोबरीला आलं असतं, आणि मान तर तिचा मोठा. आता त्याचे डोळे नेमके तिच्या हातासमोर आले.

"मी सारखं विचारणार," तो म्हणाला. "आणि छान आहे म्हणायचं नाही."

"बरं."

"आता?"

"गार वाटतंय."

"गार चालेल. आग नको."

"आग नाही."

मी भिंतीकडे तोंड केलं. आयुष्यात दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसायचं सोडून मी कधी काही केलेलं नाही, पण त्या दिवशी मी डोळे मिटून घोरायचं सोंग केलं. कान कुठं मिटणार?

"आता?"

"ठणकतोय तो उजवा. हा बरा आहे. खरंच बरा आहे."

"छातीत?"

"काही नाही."

पिशवी निम्मी रिकामी झाली. मग तोकिलुपे म्हणाली, "तुझे केस पांढरे झाले."

"हो."

"मागून टक्कलही पडलंय. मला माहीतच नव्हतं."

"आई गेली त्या वर्षी झाले पांढरे."

"मला वाटलं होतं, तू त्या दिवशी आत येशील."

"तू आत होतीस ना," तो म्हणाला.

मला उशी ओली लागली. रडत होते मी, लपवून काय करू? त्यांची आई गेली त्या दिवशी एक आत रडत होती आणि एक बाहेर फणसाच्या झाडाला टेकून, हे मी स्वतः पाहिलेलं. तेव्हा मला ते फार देखणं वाटलं होतं.

"आता?" केलेपीनं विचारलं.

"गार."

पिशवी संपली. त्यानं नळीतलं उरलेलं औषध मिठाच्या पाण्यानं आत घालवलं, सुई काढली, आणि नियमाप्रमाणे आणखी अर्धा तास तिला उठू दिलं नाही. तो अर्धा तास तो तिथंच बसून होता. भिंतीपलीकडे मूल रडलं तेव्हा दोघांनी एकदम तिकडे मान वळवली. मग तो उठला, 'तुलोऊ' म्हणून पिशवी काढली आणि पडदा लावून बाहेर गेला.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

गावात चर्चा झालीच. पाद्रीबाईंनी भुवया उंचावल्या, कुणी म्हणालं चादर ओढली, कुणी म्हणालं हात धरून बसला होता. दुसऱ्या दिवशी केलेपी फाटकी चटई कमरेला गुंडाळून तोकिलुपेच्या अंगणात जाऊन बसला, मान खाली घालून, उन्हात, चुकलेल्या माणसानं माफीला बसावं तसा. तोकिलुपेचा नवरा बाहेर आला, त्याला धरून उठवलं आणि म्हणाला, "अरे, तिचे ओठ लाल व्हायला लागलेत. ऊठ आता." तोकिलुपे बाहेर आली नाही. यायचं नसतंच. विहिरीवर बायकांनी हाताला काय झालं म्हणून विचारलं तर तिनं सांगून टाकलं, कापड रंगवताना सालीचा रंग सांडला, निघतच नाही. भावाचं नाव तिनं कुणाच्या तोंडी येऊ दिलं नाही.

पण ती रेघ रोज बघायची होती. फुसी परतली नव्हती आणि केलेपीला बहिणीच्या घरात पाऊल टाकता येईना. मला सुट्टी देऊन घरी पाठवलं त्या दिवशी संध्याकाळी मी दारात बसले होते. दवाखाना सुटायची वेळ झाली तशी तोकिलुपे व्हरांड्यात आली. उजवी बाही कोपरापर्यंत वर केली, हात रस्त्याच्या बाजूच्या कठड्यावर ठेवला, आतली बाजू वर करून, आणि तोंड समुद्राकडे फिरवलं. केलेपी रस्त्यानं आला. कुंपणापाशी त्याची पावलं हळू झाली. त्यानं बघितलं, नीट बघितलं, आणि काही न बोलता पुढे गेला. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच.

बोट तिला राजधानीला घेऊन गेली. शस्त्रक्रिया झाली. ती परत आली ती वाळलेली, पण स्वतःच्या पायांनी धक्क्यावर उतरली. गर्दीच्या मागे, पाठ करून, केलेपी उभा होता.

पेनाची रेघ केव्हाच धुऊन गेली. डाग आहे तेवढाच आहे, पसरलाही नाही आणि गेलाही नाही. बघण्यासारखं त्यात आता काही उरलेलं नाही, हे डॉक्टरांनीच तिला सांगितलंय. तरी संध्याकाळी तोकिलुपे बाही वर सारून व्हरांड्यात येते, हात कठड्यावर ठेवते आणि तोंड फिरवून घेते. केलेपी येतो, कुंपणापाशी थांबल्यासारखा होतो, बघतो आणि जातो. मी दारात असले तर तेवढ्यापुरती आत येऊन बसते.